लाइव्ह टीव्ही नाटक म्हणजे सिनेमाची रंगीत तालीम? अजिबात नाही

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय, की 1950च्या दशकात अमेरिकेत टीव्हीवर जी लाइव्ह नाटकं व्हायची ती नुसती रंगीत तालीम, चित्र धूसर, काम घाईचं, नंतर तोच विषय सिनेमात मोठा करून आला, म्हणून सिनेमा बघितला की झालं. मला हे बिलकुल पटलेलं नाही.

धूसर चित्राचं आधी. अहो, आज मिळतं ते किनेस्कोप, म्हणजे टीव्ही मॉनिटरसमोर फिल्म कॅमेरा लावून केलेली कॉपी! कॉपी खराब म्हणून नाटकच कच्चं, असं कसं म्हणता?

आता तालीम. 'मार्टी' 24 मे 1953ला एनबीसी या अमेरिकन टीव्ही नेटवर्कवर झालं, रॉड स्टायगर लग्न न जमलेला खाटीक. 1955च्या सिनेमात अर्नेस्ट बोर्गनाइन, ऑस्कर मिळालं, सिनेमा सुंदरच आहे. लेखक चायेफ्स्की, दिग्दर्शक डेल्बर्ट मान, आईचं काम करणारी एस्थर मिन्चोटी, सगळे तेच. पण टीव्ही नाटकातला फोनचा सीन बघा, पलीकडची मुलगी काय बोलतेय ते ऐकू येत नाही, ती टाळतेय हे फक्त मार्टीच्या चेहऱ्यावर उमटतं. बोर्गनाइनचा मार्टी बघून कीव येते, स्टायगरचा बघताना मला नजर फिरवावीशी वाटते, इतकं ते उघडं आहे, आणि रिटेक नाही हे डोक्यात असतंच.

घाईचं म्हणाल तर 1956चं 'रिक्विएम फॉर अ हेवीवेट' हे बॉक्सरवरचं टीव्ही नाटक घ्या. एड विन आयुष्यभर विनोदी कामं केलेला माणूस, तालमीत इतका अडखळत होता की बदली नट तयार ठेवला होता, आणि लाइव्हला त्याने काय काम केलंय!

'ट्वेल्व्ह अँग्री मेन'चं मात्र मान्य, तिथे 1957चा सिनेमाच सरस. 1954चं टीव्ही नाटक तासाच्या स्लॉटमधलं, ज्युरीतली बारा माणसं उलगडायला वेळच नाही. पण त्या सिनेमाचा दिग्दर्शक सिडनी ल्युमेट तरी घडला कुठे? लाइव्ह टीव्हीतच ना.

आणि "तोच विषय मोठा करून" हे तर साफ चूक. 'रिक्विएम'मध्ये टीव्हीवर जॅक पॅलन्सचा थकलेला बॉक्सर शेवटी गावी जाणाऱ्या ट्रेनमध्ये बसतो, समोर एक लहान पोरगा. 1962च्या सिनेमात अँथनी क्विन मॅनेजरला वाचवायला पिसांचा टोप घालून कुस्तीच्या खोट्या तमाशात उतरतो. लेखक रॉड सर्लिंग, दिग्दर्शक राल्फ नेल्सन, दोन्हीकडे तेच, आणि माणसाचं नशीब पार उलटं!