‘पुणं कातळावर आहे, काही होत नाही’ हे खरं नाही

पावसाळा लागला की सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज हमखास फिरतो: ‘पुणं अखंड कातळावर वसलंय. भूकंपाची, दरडींची भीती नाही. भूशास्त्रज्ञांच्या अहवालांवर पैसे घालवू नका, त्यातून ना पाणी मिळतं ना वीज.’

कातळ आहे, पण अखंड नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले. पाताळेश्वराची लेणी कोरली तसा घट्ट बेसाल्ट एकीकडे, तर थोड्या अंतरावर भेगाळलेला खडक नाहीतर मुरूम. म्हणून एका प्लॉटवर बोअरला पाणी लागतं आणि शेजारी नुसती धूळ उडते.

भूकंपाचं म्हणाल तर किल्लारीखालीही हाच बेसाल्ट आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट उजाडेपर्यंत तो भाग नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. हजारो माणसं गेली. २००२ च्या नकाशात तो पट्टाच उरला नाही, आणि त्यात पुणे क्षेत्र ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्यात दाखवलं होतं.

दरडींची भीती नाही, हे वाचून मात्र मला संताप येतो. माळीण आपल्याच जिल्ह्यातलं, आंबेगाव तालुक्यातलं. ३० जुलै २०१४ ला तिथे १५१ माणसं गाडली गेली. एसटीच्या चालकाला गावच दिसेना, तेव्हा बाहेर कळलं. सह्याद्रीच्या अशा उतारांवर खाली कातळच असतो. घसरते ती त्यावरची, खडक झिजून झालेली माती. मुसळधार पावसात ती पाणी पिऊन जड होते, आतला पाण्याचा दाब वाढतो आणि थरच्या थर सुटतो. कुठला उतार असा आहे, हे तिथे चालून, खणून, मोजूनच कळतं. टेकडीचा पायथा कापायची परवानगी देण्याआधी ही तपासणी व्हायलाच हवी.

राहिली वीज. कोयनेच्या १,००० मेगावॉटच्या चौथ्या टप्प्यासाठी पाणी बोगद्यात घ्यायला १३ मार्च १९९९ ला जलाशयाच्या तळाचा खडक खालच्या बोगद्यातून सुरुंगाने फोडला, वर पाणी असताना. तो खडक किती जाड, त्यात भेगा कुठे, हे माहीत नसताना असा सुरुंग कोण लावेल?

त्याच कोयनेत ११ डिसेंबर १९६७ ला भूकंप झाला होता. तिथे पुढे संशोधनासाठी तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलं. सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसाल्ट संपला आणि ग्रॅनाइट लागला. तिथले भूकंप होतात ते या खालच्या खडकात.