‘शब्दांनी कुणी मरत नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज आला. दुपारी तोच माहेरच्या ग्रुपवर आला, रात्री शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर. मजकूर थोडक्यात असा: शब्दांनी कुणी मरत नाही, तुमच्या परवानगीशिवाय तुम्हाला कुणी दुखवू शकत नाही. टाळी एका हाताने वाजत नाही. भांड्याला भांडं लागायचंच. दुर्लक्ष करायला शिका, तुम्ही चांगलं वागत राहा, समोरचा आपोआप बदलेल. आपल्या आई-आज्यांनी किती सोसलं, त्यांना कधी डिप्रेशन आलं नाही. आणि घरातली गोष्ट उंबऱ्याबाहेर नेऊ नका.

आमच्या ग्रुपवर तो टाकणारे काका मनाने चांगले आहेत. कोविडात अख्ख्या बिल्डिंगची औषधं त्यांनी आणून दिली होती. पण मेसेज वाचणाऱ्यांमध्ये एखादी तरी अशी असणार, जिला त्या ओळींतून एवढंच ऐकू आलं असेल की चूक तुझीच आहे. तिच्यासाठी हे लिहिते आहे. काकांनीही वाचावं.

‘परवानगी’चा मुद्दा आधी घेते, कारण सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच पडतात. 2003 साली मानसशास्त्रज्ञ नाओमी आयझेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्कॅनरमध्ये झोपलेल्या माणसाला पडद्यावर चेंडू फेकाफेकीचा साधा खेळ खेळायला दिला. बाकीचे दोन खेळाडू थोड्या वेळाने त्याच्याकडे चेंडू टाकायचे थांबतात आणि आपापसातच खेळत राहतात. बस, एवढंच. तेव्हा मेंदूचा जो भाग जास्त सक्रिय झाला, तो शारीरिक दुखण्याच्या त्रासातही सक्रिय होतो. तिथे त्या माणसाची कुणी परवानगी मागितली नव्हती. आणि ते दोघे तर त्याचे कुणीच नव्हते. मग ज्याच्या घरात रोज राहायचं, ज्याच्या हातचं जेवायचं, ज्याच्या नावावर घर आहे, त्या माणसाने रोज मोजून केलेला अपमान ‘मनाला लावून घेऊ नको’ म्हटल्याने कसा थांबेल?

टाळीच्या मुद्द्यावर मला जास्त बोलायचं आहे, कारण तिथे माझी स्वतःची चूक झाली होती.

आमच्या लेडीज डब्यातली एक मैत्रीण. तिची ओळख पटू नये म्हणून स्टेशनं आणि काही तपशील बदलले आहेत. हे लिहिण्याआधी तिला विचारलं आहे. रोज संध्याकाळी गाडीत तिला नवऱ्याचा व्हिडिओ कॉल यायचा. ती कॅमेरा फिरवून दाखवायची: डोक्यावरची हँडल्स, दारावरचा इंडिकेटर, बाजूला बसलेल्या आम्ही. आम्ही हात हलवायचो. ‘किती काळजी करतो गं तुझी,’ असं एकदा मीच म्हणाले. ती हसली होती.

एका पावसाळी संध्याकाळी गाडी माहीमच्या पुढे अडकली आणि तिच्या फोनचं नेटवर्क गेलं. तेव्हा कळलं. उशीर होतोय म्हणून कुणी तशी रडत नाही. माझ्या फोनला नेटवर्क होतं, पण माझ्या फोनवरून फोन करायला ती तयार होईना, कारण दुसऱ्याच्या नंबरवरून फोन आला तर ‘हा कोणाचा नंबर’ इथपासून सुरू होऊन रात्री दोनपर्यंत चाललं असतं. त्याने तिच्या अंगाला कधी बोटही लावलं नव्हतं. तो आवाजसुद्धा चढवायचा नाही. शांतपणे, एकेक मिनिटाचा हिशोब मागत बसायचा. शेवटी किंचाळायची ती. शेजाऱ्यांना भिंतीपलीकडून ऐकू यायचा तोही तिचाच आवाज. त्यामुळे मजल्यावर तिची ख्याती ‘तापट बाई’ अशी होती, आणि तो ‘बिचारा गप्प माणूस’.

मेसेजमधली टाळी ती हीच. छळणाऱ्या माणसाला जाब विचारला तर तो आधी नाकारतो, मग विचारणाऱ्यावरच उलटतो, आणि शेवटी आपणच कसे पीडित आहोत हे पटवून देतो. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ जेनिफर फ्रेड यांनी 1997 मध्ये या तीन पायऱ्यांचा नेमका हा क्रम मांडला. चोराच्या उलट्या बोंबा हे आपल्याला आधीपासून माहीत आहे, पण घरातल्या माणसाच्या बाबतीत ते आठवत नाही. आणि जिला सारखं सांगितलं जातं की ‘मी असं बोललोच नाही, तुझ्याच डोक्यात काहीतरी आहे’, तिला काही महिन्यांनी स्वतःच्या आठवणीचाच भरवसा वाटेनासा होतो.

मग ओळखायचं कसं? आवाज कोणाचा मोठा, यावरून ठरवू नका. भीती कोणाला आहे ते बघा. दारात चावी लावण्याआधी कोण मनातल्या मनात वाक्यं जुळवतं? दर वेळी माफी कोण मागतं? काल चाललेली गोष्ट आज गुन्हा कशी होते? वर्षभरात कोणाच्या मैत्रिणी तुटल्या, कोणाचं माहेरी जाणं कमी झालं, पगाराचं एटीएम कार्ड कोणाच्या खिशात असतं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही नवऱ्याकडून होणाऱ्या भावनिक हिंसेबद्दल तीन साधे प्रश्न आहेत: तो चारचौघांत अपमान करतो का, तुम्हाला किंवा तुमच्या जवळच्या कुणाला इजा करण्याची धमकी देतो का, तुम्हाला स्वतःबद्दल वाईट वाटेल असं बोलतो का. सरकार हे घरोघरी जाऊन विचारतं, म्हणजे ही कुणाची नाजूक कल्पना नव्हे.

भांड्याला भांडं लागतं, हे मला मान्य आहे. कोर्टालाही मान्य आहे. 2007 च्या समर घोष खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं की किरकोळ कुरबुरी, भांडणं, संसारातली रोजची झीज म्हणजे मानसिक क्रूरता नव्हे; दोन-चार सुटे प्रसंग काढून चालत नाही, पूर्ण संसार बघावा लागतो. पण त्याच निकालात जाणूनबुजून केलेली उपेक्षा आणि दीर्घकाळ चाललेली निंद्य वागणूक ही क्रूरता ठरू शकते असंही आहे. त्या खटल्यात घटस्फोट मागणारा नवरा होता आणि त्याला तो मिळाला. पुरुषांचाही असा छळ होतो आणि त्यांना तर बोलायला तोंडच नसतं, म्हणून हे मुद्दाम सांगते.

फरक कळायला अबोल्याचं उदाहरण पुरेसं आहे. रागावलेलं माणूस दोन दिवस बोलत नाही, तिसऱ्या दिवशी चहा ठेवताना आपसूक बोलतं. हे आपल्या सगळ्यांच्या घरी होतं. पण सव्वादोनशे फुटांच्या खोलीत अठरा दिवस बायकोकडे न बघता, आठ वर्षांच्या पोरामार्फत ‘आईला सांग, आमटीत मीठ कमी आहे’ असे निरोप पाठवणं, आणि ती नेमकी कशासाठी ते न कळता माफी मागेपर्यंत ते चालू ठेवणं, याला अबोला म्हणत नाहीत. मुंबईच्या घरात रुसून जायला दुसरी खोलीही नसते. ते पोर दोन्ही बाजूंचे चेहरे वाचत मोठं होतं.

‘दुर्लक्ष करा’ हे लोकलमध्ये चौथ्या सीटवरून भांडणाऱ्या बाईसाठी ठीक आहे. ती अंधेरीला उतरून जाते. ज्याच्यासोबत घरभाडं, मुलांची फी आणि बिछाना आहे, त्याच्याकडे दुर्लक्ष केलं की तो पुढची पायरी गाठतो. तिथे उपयोगी पडतं ते वेगळं. लांब सफाई देत बसू नका, कारण तुमचं प्रत्येक स्पष्टीकरण उद्या उलटतपासणीला वापरलं जातं. ‘बरं’, ‘ठीक आहे’, ‘मला आत्ता बोलायचं नाही’ इतकंच. तारीख, वेळ आणि जसेच्या तसे शब्द लिहून ठेवा, पण ज्या फोनला त्याचा हात लागतो त्यात नको. ऑफिसच्या ड्रॉवरमधली साधी वही चालते. आधार, पॅन, पासबुक, मुलांचे जन्मदाखले यांच्या प्रती विश्वासाच्या माणसाकडे असू द्या. आणि निघायचं ठरवलं असेल तर भांडणाच्या भरात ते जाहीर करू नका. असं माणूस निसटतंय हे कळल्यावर सगळ्यात धोकादायक होऊ शकतं.

चांगलं वागून समोरचा बदलतो का, हे मी करून पाहिलं आहे. पहिल्या नोकरीत माझे एक वरिष्ठ होते. मी लिहिलेली पत्रं ते सगळ्यांसमोर माझ्या आवाजाची नक्कल करत वाचून दाखवायचे. गावाकडचा ‘न’ आणि ‘ण’ धरून. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी वडापाव आणायचे आणि म्हणायचे, तुझ्या भल्यासाठीच बोलतो. त्या वडापावाच्या जोरावर मी पुढचे पंधरा दिवस काढायची. मी लवकर यायला लागले, पत्र चार-चार वेळा तपासायला लागले, उच्चार सुधारले. मग माझ्या चालण्यावर सुरू झालं. अडीच वर्षांनी जुन्या शिपाईमामांनी सांगितलं, ‘ताई, तुमच्या आधीच्या दोघीपण अशाच गेल्या.’ मी येण्याआधीपासून ते तसेच होते, म्हणजे माझ्या सुधारण्याने काही बदलणारच नव्हतं. मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी 1979 मध्ये हे चक्र लिहून ठेवलं आहे: ताण साठतो, स्फोट होतो, मग गोडीगुलाबी, मग पुन्हा ताण. गोडीगुलाबीचे दिवस माणसाला त्यातच धरून ठेवतात, कारण हाच खरा माणूस, असं आपल्याला वाटत राहतं.

आता आई-आज्यांचं. माझी आजी लालबागच्या चाळीत राहायची. तिचे पुढचे दोन दात थोडे पुढे होते. आजोबा तिला हाक मारायचे ती त्या दातांवरूनच, शेजाऱ्यांसमोर, पाहुण्यांसमोर. गिरणीतून आले की तीच हाक गॅलरीच्या टोकापासून ऐकू यायची आणि चाळीतली पोरं हसायची. आजी कधी रडली नाही, कुणाकडे गाऱ्हाणं घेऊन गेली नाही, म्हणजे मेसेजवाल्यांच्या हिशोबाने तिने छान सोसलं. पण आमच्या घरातल्या एकाही फोटोत तिचं तोंड दिसत नाही. लग्नं, बारशी, सत्यनारायण, सगळीकडे तिचा पदर नाकाखाली धरलेला. आजोबा गेल्यानंतर ती अकरा वर्षं जगली. मला घास भरवताना, टीव्ही बघताना, एकटी हसतानासुद्धा तिचा डावा हात आपोआप पदराकडे जायचा. तिला डिप्रेशन होतं का, हे कुणी विचारलंच नाही, डॉक्टरकडे नेलंच नाही. त्यामुळे ते ‘आलं नाही’ असं आपण म्हणू शकत नाही.

राहिला उंबरा. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्यात हिंसेच्या व्याख्येत मारहाणीच्या बरोबरीने अपमान, टिंगल, मूल किंवा मुलगा नाही म्हणून टोमणे, जवळच्या माणसांना इजा करण्याच्या धमक्या आणि पैसे अडवणं हे सगळं आहे. अंगावर वळ असण्याची अट नाही. तो फक्त बायकांसाठी म्हणजे पत्नींसाठी नाही. त्या घरात राहणारी आई, बहीण, विधवा वहिनी, लग्नाशिवाय सोबत राहणारी जोडीदार यांनाही लागू होतो. घरातून काढू नये असा आदेश, त्रास देण्यास मनाई, खर्च, मानसिक त्रासाची भरपाई हे त्यात मागता येतं. शेजाऱ्यांसाठी महत्त्वाचं हे की या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला माहिती कुणीही देऊ शकतं आणि ती चांगल्या हेतूने दिली तर देणाऱ्यावर कारवाई होत नाही. म्हणजे ‘दुसऱ्याच्या संसारात कशाला पडा’ याचंही उत्तर कायद्याने दिलं आहे. कोर्टात वेळ लागतो, हे खरं आहे आणि ते लपवून उपयोग नाही. पण आपल्यासोबत घडतंय त्याला कायद्यात नाव आहे, एवढं कळल्यानेसुद्धा पाठ सरळ होते.

आईवडिलांना मुलं टाकून बोलत असतील तर ज्येष्ठांसाठी 2007 चा वेगळा कायदा आणि 14567 ही हेल्पलाइन आहे. लहान मुलांसाठी 1098, महिलांसाठी 181, तातडीचा धोका असेल तर 112. नुसतं मन मोकळं करायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416, तिथे मराठीत बोलता येतं आणि पुरुषांनाही तितकंच मोकळेपणाने बोलता येतं. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने 1984 मध्ये पोलिसांच्या सोबतीने महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तो पुढे राज्यभर गेला. आणि वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात घरात छळ सोसणाऱ्या महिलांना समुपदेशन देणारं ‘दिलासा’ हे केंद्र आहे, नंतर पालिकेच्या इतर रुग्णालयांतही तशी केंद्रं झाली. पोलीस ठाण्याची पायरी चढायला पाय थरथरतात. हॉस्पिटलात जायला कुणाला काही सांगावं लागत नाही.

गाडीतली आमची मैत्रीण अशाच एका रुग्णालयात गेली. डब्यातली एक जण सोबत होती. केसपेपर काढताना खिडकीवरच्या बाईने विचारलं, ‘काय होतंय?’ घरी तो कागद सापडला तर सांगता यावं म्हणून तिने उत्तर ठरवून ठेवलं होतं: मान दुखते. आता ती दुसरीकडे राहते, म्हणून हे लिहिता येतंय. परवा तिने मला सांगितलं की डॉक्टरांनी खरंच मान तपासली. ती दगडासारखी आखडलेली होती. ‘किती वर्षं दुखतेय?’ असं त्यांनी विचारलं, आणि ती लग्नापासूनची वर्षं मोजायला लागली.