गरम गाडी स्टार्ट होत नाही म्हणून बॅटरी बदलायला लावणारा तो मेसेज

एक मेसेज सगळीकडे फिरतोय. "गाडी थंड असताना एका सेल्फमध्ये स्टार्ट होते पण गरम झाली की होत नाही? म्हणजे पेट्रोल पाइपमध्ये उकळतंय, व्हेपर लॉक झालंय. पाइपवर ओलं फडकं ठेवा, सेल्फ मारताना एक्सिलेटर पंप करत राहा, तरी नाही झाली तर बॅटरी बदला, थर्मोस्टॅट काढून टाका, डिझेल असेल तर ग्लो प्लग बदला." वाचायला सोपं आहे म्हणून लोक डोळे झाकून पुढे पाठवतायत आणि त्यापायी चांगले पार्ट भंगारात जातायत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो.

आधी व्हेपर लॉक, म्हणजे पाइपात पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं. कार्बोरेटरच्या गाड्यांत हे खरंच व्हायचं, कारण पंप इंजिनलाच बसवलेला, प्रेशर जेमतेम ०.२ ते ०.४ बार, आणि टाकीपासून तो पेट्रोल ओढून आणणार म्हणजे त्या पाइपात प्रेशर बाहेरच्या हवेपेक्षाही कमी, त्यात इंजिनची धग लागली की वाफ झालीच. इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीत पेट्रोलमध्येच बुडालेला असतो, तो ढकलतो, आणि बहुतेक गाड्यांत रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, साधारण ३ ते ४ बार प्रेशर असतं. कुकरमध्ये पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, त्याच कारणाने हे पेट्रोलही सहजी उकळत नाही.

मग गरम असताना त्रास का होतो? गाडी बंद केल्यावर कूलंट फिरायचं थांबतं, वारा थांबतो, आणि बोनेटखालची उष्णता कमी व्हायच्या ऐवजी थोडा वेळ वाढते. म्हणून लगेच पुन्हा स्टार्ट केली तर होते आणि १५-२० मिनिटं उभी राहिली की रुसते. बंद केल्यावरही रेलमध्ये प्रेशर टिकून राहायला पाहिजे. पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व (पेट्रोल मागे जाऊ न देणारा) खराब झाला असेल, इंजेक्टर थेंब थेंब गळत असेल किंवा रेग्युलेटरचा पडदा फाटला असेल तर प्रेशर सुटतं आणि तेव्हा कुठे रेलमधल्या पेट्रोलची वाफ होते. म्हणजे मूळ दोष प्रेशर सुटण्याचा आहे. फडक्याने आजचं निभावेल, उद्या परत तेच.

हे घरी तपासता येतं. गाडी गरम करून २० मिनिटं उभी ठेवा, मग किल्ली फक्त ऑन करा, सेल्फ मारू नका, मागून दोनेक सेकंद पंपाचा आवाज येईल, तो थांबला की ऑफ, असं तीन वेळा, आणि मग सेल्फ मारा. एरवी लांब सेल्फ मारावा लागतो आणि असं केल्यावर पटकन स्टार्ट झाली तर प्रेशर सुटतंय असंच धरून चाला. पुढचं काम फ्युएल प्रेशर गेजचं, गाडी बंद करून काटा किती वेळ टिकतो ते बघायचं. स्टार्ट होताना काळा धूर आणि कच्च्या पेट्रोलचा वास असेल तर आधी इंजेक्टर बघा, वास नाही नुसता लांब सेल्फ असेल तर पंपाचा व्हॉल्व. फक्त गरम इंजिनवर पेट्रोलची लाइन स्वतः उघडू नका, आत प्रेशर असतं आणि आग लागायला एक फवारा पुरतो.

एक्सिलेटर पंप करा हा सल्ला तर कार्बोरेटरलाही चुकीचा आहे. तिथे दर वेळी दाबल्यावर पेट्रोलची पिचकारी आत जाते, आणि गरम इंजिनमध्ये कार्बोरेटरच्या बाऊलमधलं (पेट्रोल साठायच्या वाटीतलं) पेट्रोल उकळून आधीच जास्त झालेलं असतं. पेडल पूर्ण दाबून धरायचं आणि सेल्फ मारायचा. इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत पेडल पूर्ण दाबून सेल्फ मारला की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजेक्टर बंद ठेवतो, हवा आत जाऊन जास्तीचं पेट्रोल निघून जातं. असं करून स्टार्ट झाली तर पेट्रोल जास्त जातंय हे कळलं. मग गळका इंजेक्टर किंवा कूलंट टेम्परेचर सेन्सर. हा सेन्सर चुकून "इंजिन थंड आहे" असं सांगायला लागला की ईसीयू गरम इंजिनला थंडीतल्या इतकं पेट्रोल देतो. स्कॅनर (ईसीयूतले आकडे वाचणारं यंत्र) लावून आकडा बघा, गरम इंजिनला ३० अंश दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर, दोन्ही तपासा. डॅशबोर्डचा काटा बरोबर आहे यावर जाऊ नका, काही गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा असतो.

आता बॅटरी. मेसेजमध्ये सेल्फ कसा फिरतोय हे विचारलेलंच नाही! तो नेहमीसारखा जोरात फिरत असेल तर बॅटरी बदलून काहीही होणार नाही. आणि हळू फिरत असेल तरी विचार करा, बॅटरी थंडीत कमी करंट देते, उबेत जास्त, मग जी सकाळी थंडगार इंजिन फिरवते ती दुपारी गरम इंजिनला कशी कमी पडेल? संशय स्टार्टर मोटर, तिची केबल आणि अर्थिंगवर घ्या. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो, म्हणजे ८० अंशांनी तापलं की जवळपास ३० टक्के जास्त, त्यात स्टार्टर सायलेन्सरच्या पाइपशेजारी असेल आणि बुशिंग झिजलेलं असेल तर सेल्फ जड होणारच. सेल्फ मारताना बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज ९.६ च्या खाली गेलं तर आधी बॅटरी चार्ज करून तपासा. १० च्या वर राहूनही सेल्फ हळूच असेल तर सेल्फ मारताना पॉझिटिव्ह केबलवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त ड्रॉप (व्होल्टेजची घट) आहे का, अर्थवर ०.२-०.३ व्होल्टपेक्षा जास्त आहे का ते बघा. ड्रॉप ठीक निघाला तर स्टार्टर उघडायचा.

आणि त्या मेसेजमध्ये जे नाहीच ते मला सगळ्यात खटकतं, क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिन फिरतंय हे ईसीयूला सांगणारा सेन्सर. सेल्फ मस्त फिरतो, गाडी अजिबात पकडत नाही, अर्धा-पाऊण तास थांबलं की काही झालंच नाही अशी स्टार्ट होते. गरम झाल्यावर सेन्सरच्या आतली कॉइल तुटते, थंड झाली की परत जोडली जाते, आणि तो सिग्नल नाही तर ना स्पार्क ना इंजेक्टर. असा सेन्सर चालत्या गाडीतही बंद पडू शकतो, भर ट्रॅफिकमध्ये, म्हणून हे टाळू नका. सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम शून्यच दिसतंय का ते बघा. स्कॅनरवर पी०३३५ हा या बिघाडाचा कोड येतो, पण कधी कधी येतही नाही, त्यामुळे कोड नाही म्हणजे सेन्सर ठीक असं समजू नका. कनेक्टर आणि वायरही हलवून बघा.

थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारा व्हॉल्व) काढू नका. इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त खातं, झीज वाढते आणि स्टार्टिंगचा त्रास आहे तिथेच राहतो. ग्लो प्लग थंड इंजिनसाठी असतात, गरम डिझेलला त्यांची जवळजवळ गरजच नसते. कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकच रेल असलेलं) डिझेल गरम असताना स्टार्ट होत नसेल तर इंजेक्टरची रिटर्न लीक टेस्ट करून घ्या, गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या इंजेक्टरमधून इतकं परत जातं की सेल्फच्या वेगावर रेलमध्ये हवं तेवढं प्रेशरच बनत नाही.

मेकॅनिककडे गाडी द्याल तेव्हा तीन गोष्टी सांगा, सेल्फ कसा फिरतो, किती वेळ उभी राहिल्यावर त्रास होतो, आणि स्टार्ट झाल्यावर धूर किंवा वास येतो का. आणि तपासणी गाडी गरम असतानाच करायला लावा, सकाळी थंड गाडीवर मीटर लावला तर तोच खराब सेन्सर एकदम बरोबर आकडा दाखवतो.