खणात नाक घालून बघा

जर्मनीत जुन्या वस्तूंच्या जाहिराती चाळायला लागलं की एक लांबलचक शब्द पहिल्याच दिवशी भेटतो: निश्टराउखरहाउसहाल्ट. म्हणजे सिगारेट न ओढणाऱ्यांचं घर. बाळाचे कपडे असोत, पुस्तकांचं कपाट असो की मुलांचा बैठा खेळ, वर्णनाच्या शेवटी हा शब्द असतोच. बरेचदा त्याच्या जोडीला ‘घरात पाळीव प्राणी नाहीत’ हेही असतं. किंमत, माप, रंग यांच्याइतकीच ही माहिती महत्त्वाची मानली जाते.

भारतातल्या नातेवाइकांशी यावर बोलणं निघालं की दोन मतं हमखास ऐकू येतात. पहिलं, ‘एवढं परदेशात राहून दुसऱ्याचं वापरलेलं कशाला घेता?’ त्यावर वाद घालायची गरज नाही. मूल सहा महिन्यांत कपड्यांतून बाहेर जातं आणि भाड्याचं घर दोन वर्षांत बदलतं, तिथे जुनं घेणं हाच शहाणपणा. दुसरं मत मात्र खोडलं पाहिजे. ‘तिकडे लोक खरं बोलतात, कायदा कडक आहे, आपल्याकडे हे चालायचं नाही.’

हा शब्द इथे जर्मनीत रुजला तो गरजेतून. 2016-17 च्या तंबाखूविषयक राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखू घेणारे निघाले, पण ओढणारे जेमतेम 3.8 टक्के, बाकी सगळी मिस्री, खैनी, मावा. जर्मनीत ओढणाऱ्यांचं प्रमाण याच्या कितीतरी पट आहे, आणि कडाक्याच्या थंडीत बंद खिडक्यांआड ओढणारी घरंही पुष्कळ. आपल्याकडे तंबाखूचा डाग डोळ्यांना दिसतो. इथे तो नाकाला कळतो, आणि फोटोत वास येत नाही.

वास इतका चिवट का, हे समजून घेतलं तर पुढची सगळी खटपट सोपी होते. धुराचे कण एका मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही बारीक असतात. ते कापडाच्या धाग्यांत, स्पंजच्या छिद्रांत, लाकडाच्या उघड्या कडांत शिरतात. त्यांतलं टार चिकट, तेलकट असतं, आणि निकोटीन पृष्ठभागात मुरून नंतर थोडं थोडं हवेत येत राहतं. ऊब मिळाली की जास्त, हवा दमट झाली की जास्त. म्हणून मे महिन्यात मुंबईत घेतलेलं निर्दोष कपाट जुलैत वास मारू लागतं, आणि इथे तेच हीटर लागल्यावर नोव्हेंबरात होतं. प्रश्न नुसत्या नावडत्या वासाचाही नाही. साचलेल्या निकोटीनची हवेतल्या नायट्रस आम्लाशी क्रिया होऊन कर्करोगकारक नायट्रोसामाइन्स तयार होतात, हे अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेने 2010 मध्ये दाखवलं. रांगणारं मूल ज्या वस्तूला हात लावून तोच हात तोंडात घालतं, तिथे ‘उन्हात टाकलं की जाईल’ हे उत्तर पुरत नाही.

पैसे देण्याआधी विक्रेत्याला तीन गोष्टी विचाराव्यात आणि उत्तर संदेशातच लेखी घ्यावं. घरात कोणी ओढतं का? बाल्कनीत किंवा खिडकीत उभं राहून ओढतं का? ही वस्तू तुम्ही नवी घेतलीत की कुणाकडून? दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण बाल्कनीत ओढणारा माणूस स्वतःचं घर मनापासून धूरमुक्त समजतो. शिवाय रोज ओढणाऱ्याच्या नाकाला हा वास जाणवेनासा होतो, त्यामुळे ‘वास नाही’ असं तो पूर्ण प्रामाणिकपणे लिहू शकतो. ‘वास येतो का’ असं न विचारता ‘ओढता का’ असं विचारावं ते यासाठी.

वस्तू बघायला गेल्यावर आधी वास घ्यावा, गप्पा मग. पाचेक मिनिटांत आपलं नाकही त्या घराला सरावतं. कपाटाचं दार हुंगून काही कळत नाही, कारण ते पुसलेलं असतं. खालचा खण पूर्ण बाहेर ओढा, उलटा करा आणि तळाच्या पातळ फळीला नाक लावा. कपाटाची पाठ, फळ्यांच्या कच्च्या कडा आणि बिजागरीची भोकं इथे लॅमिनेट नसतं, धूर तिथेच बसतो. मग पांढरा टिश्यू पेपर काच पुसायच्या द्रावाने ओलसर करून कपाटाच्या माथ्यावर फिरवा. धूळ करडी उमटते. सिगारेटचं टार पिवळट तपकिरी, उकळलेल्या चहासारखं, आणि बोटाला चिकट लागतं. टिश्यूवर तो रंग दिसला की कितीही घासाघीस केली तरी भाव ठरवण्यात अर्थ नाही, निघावं.

वस्तू घरी आलीच असेल तर साफ करताना क्रम पाळावा. टार आणि चिकटपणा अल्कलीने सुटतो: लिटरभर कोमट पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा आणि भांड्यांच्या साबणाचे चार थेंब. हातमोजे घाला, फडका घट्ट पिळून पुसा, दर दोन-तीन फळ्यांनी पाणी बदला. ते पिवळं होत जातं, आणि तेच पाणी पुढे वापरलं तर घाण नुसती पसरते. साध्या पाण्याने पुसून घेतल्यावर व्हिनेगरची पाळी. निकोटीन अल्कलीधर्मी असतं, आम्लात त्याचा क्षार बनतो आणि तो पाण्याबरोबर निघतो. इथे मिळणारं व्हिनेगरचं तीव्र द्रावण 25 टक्क्यांचं असतं. त्याच्या एका भागाला चार भाग पाणी. सोडा आणि व्हिनेगर एकाच बादलीत टाकून फेस काढायची पद्धत घरोघरी सांगितली जाते, पण त्यात दोघं एकमेकांना मारतात आणि हाती जवळपास पाणीच उरतं. क्लोरीनच्या ब्लीचबरोबर तर व्हिनेगर कधीच नको, विषारी वायू सुटतो. ॲल्युमिनियमच्या मुठी सोड्याने काळवंडतात, त्या आधी काढून ठेवा.

एवढं करूनही उघड्या कडांतला वास उरतोच, कारण तिथे फडका पोचत नाही. मग वास आतच बंद करायचा. साधा पाण्याचा रंग मारला तर टार त्यात विरघळून पिवळे डाग वर येतात. इथली रंगाची दुकानं यासाठी ‘निकोटीन अडवणारा’ वेगळा प्रायमर विकतात. पण उत्तम इलाज आपल्या सुतारांना कधीपासून ठाऊक आहे: लाखेचं पॉलिश. लिटरभर स्पिरिटमध्ये दीडशे ते दोनशे ग्रॅम चपडी, म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे, रात्रभर भिजवायची, गाळायची, आणि कडा, पाठ, खणांचे तळ यांवर दोन पातळ हात द्यायचे. मध्ये तासभर वाळू द्यायचं आणि 320 नंबरच्या पॉलिश कागदाने हलकं घासायचं. खिडकी उघडी हवी आणि जवळ ज्योत नको. वरून रंग द्यायचा असेल तर मेण काढलेली लाख घ्या, नाहीतर रंग सुटतो. झारखंडच्या पळस-कुसुमांवरून गोळा होणारी ही लाख जर्मन दुकानात छोट्या पाकिटातून घेताना वाटतं, की आपल्याकडची ही कारागिरी मागे पडू नये.

कपड्यांचं त्या मानाने सोपं. दहा लिटर कोमट पाण्यात दोन-तीन चमचे सोडा, रात्रभर भिजवण, मग कापड सोसेल तेवढ्या गरम पाण्यात धुणं. लोकर आणि रेशीम मात्र सोड्यात घालू नका. सॉफ्टनर टाळा, त्याचा थर वास धरून ठेवतो. धुतल्यावर हुंगल्याशिवाय ड्रायरमध्ये टाकू नका, नाहीतर वास ड्रममध्येही शिरतो. पुस्तकं झाकणाच्या डब्यात, पानं फुलवून, उभी ठेवायची. तळाशी वाटीत सक्रिय कोळसा, पुस्तकाला न लागेल असा. दोन ते चार आठवडे लागतात. पुस्तकांवर काहीही फवारू नये.

सोफा, गादी आणि स्पीकर घेऊच नयेत. सोफ्याची खोळ धुता येते, पण वास आतल्या स्पंजमध्ये असतो. मुलांच्या कारसीटचंही तेच, शिवाय तिचे पट्टे सोड्यात किंवा ब्लीचमध्ये भिजवले तर कमजोर होतात. कॉम्प्युटर घेतलात तर प्लग काढून पंखे बदला आणि बाकीचे भाग 99 टक्के शुद्धतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पंख्यावरचं टार धूळ पकडून ठेवतं, म्हणून मशीन तापतं, आणि तापलं की वास येतो. भाड्याने मिळणाऱ्या ओझोन यंत्राच्या नादी लागू नये. ओझोन फुप्फुसांना घातक असतो, रबर आणि स्पंज कुरतडतो, आणि निकोटीनवर त्याची क्रिया होऊन नवेच त्रासदायक कण तयार होतात.

आता ‘कडक कायद्या’कडे. खासगी विक्रेता इथे ‘परत घेणार नाही, जबाबदारी नाही’ असं लिहितो आणि ते बऱ्याच अंशी चालतं. दुकानातून ऑनलाइन घेतल्यावर मिळणारी चौदा दिवसांची मुभा खासगी व्यवहारात नसते. फरक पडतो तो वर्णनामुळे. ऑनलाइन विकलेल्या एका मोटारसायकलच्या किलोमीटरच्या आकड्यावरून 2006 मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ठरवलं, की जो गुण जाहिरातीत ठामपणे सांगितला त्याची जबाबदारी असं सरसकट वाक्य लिहून झटकता येत नाही. त्या न्यायाने ‘धूम्रपान नसलेलं घर’ हासुद्धा विक्रेत्यावर बंधनकारक असलेला, ठरलेला गुण मानला जाऊ शकतो.

आणि हे भारतात नाही असं कुणी म्हणू नये. 1930 च्या माल विक्री कायद्याचं 15 वं कलम हेच सांगतं: वर्णनावरून विकलेला माल वर्णनाबरहुकूम असला पाहिजे. कायदा आहे, पण जाहिरातीत वर्णनच नसतं. गाडी विकताना ‘सिंगल ओनर’, ‘शोरूम सर्व्हिस’ हे न विसरता लिहिणारे आपण सोफा विकताना ‘गुड कंडिशन’ एवढ्यावर थांबतो. पुण्या-मुंबईत भाड्याच्या बंद एसी खोल्यांत आता सिगारेटी ओढल्या जातात, आणि नोकरी बदलली की तिथलंच सामान ऑनलाइन विकलं जातं. बाल्कनीतल्या धुरावरून सोसायट्यांच्या ग्रुपवर भांडणारे लोक त्याच ग्रुपवर सोफा विकताना धुराबद्दल चकार शब्द काढत नाहीत, हे मला खटकतं.

खरं वर्णन लिहायचा हा नियम आपण परदेशातल्या मराठी विक्रेत्यांनीही पाळायला हवा. उघड्या स्वयंपाकघरालगतच्या सोफ्यात हिंग-मोहरीची फोडणी आणि तळणीचं तेल धुरासारखंच मुरतं, आणि आपल्या नाकाला तेही कळत नाही. म्हणून विकताना एवढं लिहावं: ‘घरात किंवा बाल्कनीत कोणी ओढत नाही. वस्तू आम्ही नवी घेतली होती. स्वयंपाकघर याच खोलीत आहे, रोज फोडणी होते, संध्याकाळी उदबत्ती लागते. आधी येऊन वास घेऊन बघा.’