चेहरा नसलेले पोस्टर आणि गुळाचे खोके: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरातील उपयोजित कलेच्या एका विद्यार्थिनीच्या अंतिम वर्षाच्या कामावर मी जो लेख लिहिला, त्यावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभार. तिच्या गुळाच्या ब्रँडचा ग्राहक, म्हणजे काम देणारा व्यापारी, काल्पनिक असल्यामुळे ते काम म्हणजे नुसता कागदी सराव आहे, तिच्या चित्रपट-पोस्टरवर नायकाचा चेहराच नसल्याने ते बाजारात चालणार नाही, आणि बाबूराव पेंटरांच्या गावात संगणकावर केलेल्या पोस्टरांचे कौतुक व्हावे हा परंपरेचा अवमान आहे, असे आपले म्हणणे आहे. शेवटचा आक्षेप मला मुळीच मान्य नाही, म्हणून आधी त्याविषयी.

बाबूराव पेंटर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत चित्रपटाकडे वळले, हे खरे. पण त्यांनीच खटपट करून स्वतःचा कॅमेरा घडवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्यांच्या १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चे पोस्टर आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-पोस्टरांत गणले जाते. पोस्टर हा मुळात छापून भिंतीवर डकवण्याचा कागद आहे. शिळाछापाच्या काळात प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे, त्यामुळे किती रंग वापरायचे हे चित्रकाराच्या हौसेपेक्षा छापखान्याच्या खर्चावर अधिक ठरे. हाती असलेल्या साधनातून रस्त्यावरच्या माणसाची नजर थांबवणे, हीच जर आपली परंपरा असेल, तर ही मुलगी तिच्या आतच उभी आहे. (कुंचल्याची सफाई संगणकाने येत नाही, हे मात्र मीही मानतो.)

ग्राहक काल्पनिक होता, पण अटी खऱ्या होत्या. तिच्या बोधचिन्हाच्या पहिल्या आराखड्यात उसाच्या पेरावर सोनेरी छटा हळूहळू गडद होत गेलेल्या होत्या आणि पडद्यावर ते देखणे दिसत होते. परंतु एक किलोच्या रव्याचे (गुळाच्या ढेपेचे) पन्हाळी पुठ्ठ्याचे खोके एका-दोन रंगांतच छापायचे, तर अशा छटा त्या खरखरीत पृष्ठभागावर टिकत नाहीत आणि बारीक फटी शाईने बुजतात. म्हणून तिने चिन्ह एकाच रंगात, जाड रेषांत पुन्हा बांधले. ‘गूळ’ हा शब्द देवनागरीत खाली उकाराची जागा मागतो, आणि त्या उकाराला मोकळीक मिळावी म्हणून तिने अक्षरे चौकटीत न कोंबता चौकटच काढून टाकली. निव्वळ वजन, किंमत, वेष्टनाची तारीख, अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक हा कायद्याने बंधनकारक असलेला मजकूर अनेक विद्यार्थी शेवटी कुठेतरी चिकटवतात. तिने त्याची जागा पहिल्या आराखड्यापासून राखली आहे. ‘कोल्हापूर गूळ’ या नावाला २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे आणि त्याचे चिन्ह नोंदणीकृत वापरकर्त्यालाच लावता येते, हेही तिने आपल्या टिपणात नमूद केले आहे. यापेक्षा अधिक वास्तव एखाद्या व्यापाऱ्याने तिला काय दिले असते, हे मला कळत नाही. फार तर पैसे थकवले असते.

राहिला चेहऱ्याचा प्रश्न. तिचे पोस्टर कुस्तीच्या तालमीवरील एका कल्पित चित्रपटाचे आहे: वरून पाहिलेला रिकामा हौदा (कुस्तीचा मातीचा आखाडा), तांबड्या मातीत उमटलेली दोन पावले, बाकी काही नाही. नावाजलेला नट असेल तेव्हा त्याचा चेहरा तिकीट खपवतो, हे आपले म्हणणे रास्त आहे. पण या कल्पित चित्रपटात सगळे नवखे आहेत, आणि अनोळखी चेहरा प्रेक्षकाला कथेबद्दल काहीच सांगत नाही. रिकामा हौदा निदान कोणीतरी हरवले आहे एवढे सांगतो.

मात्र या पोस्टरात एक खरी उणीव आहे आणि ती आपल्या प्रतिक्रियेत आलेली नाही. चित्रपटाचे नाव खालच्या कडेला, बारीक वळणाच्या अक्षरांत आहे. तिकीट काढताना मोबाइलवर पोस्टर अंगठ्याच्या नखाएवढे दिसते, तेव्हा त्यातल्या वेलांट्या आणि अनुस्वार नाहीसे होतात, आणि एसटी स्टँडसमोरच्या भिंतीवरही पलीकडच्या फुटपाथवरून ते वाचता येणार नाही. अक्षरे जाड करून वर, मोकळ्या मातीवर आणली, तर चित्राला धक्का न लागता हे साधेल, असे मला वाटते. प्रदर्शनापूर्वी ती ३० बाय ४० इंचांची नवी प्रत काढणार आहे, तेव्हा हा बदल करून पाहण्यास मी तिला सुचवले आहे.