‘मोठा एमसीबी बसवा’ हा सल्ला घर जाळणारा आहे

गेल्या आठवड्यात मावशीने मला एक फॉरवर्ड पाठवला आणि सोबत ‘वायरमनला बोलावलंय’ असे लिहिले. त्या संदेशातील दावा असा: एमसीबी (जास्त करंट गेल्यास वीज आपोआप तोडणारा स्विच) वारंवार पडत, म्हणजे बंद होत असेल तर तो कमजोर झालेला असतो, म्हणून 16 अँपिअरच्या जागी 32 चा बसवावा, तांब्याची वायर तेवढा करंट सहज सोसते, व्होल्टेज कमी असेल तर करंटही कमी होतो, आणि आरसीसीबी (करंटची गळती झाल्यास वीज तोडणारा स्विच) असेल तर लोडची चिंताच नको. मी तिला ताबडतोब फोन करून वायरमनला थांबवायला सांगितले.

पहिला मुद्दा सर्वांत घातक आहे. मावशीकडे गीझर 2000 वॉट, इंडक्शन शेगडी 2000 आणि किटली 1500, असे सगळे एकाच अडीच स्क्वेअर एमएम जाडीच्या वायरवर होते. एकूण 5500 वॉटला 230 व्होल्टने भागले की जवळपास 24 अँपिअर येतात. एमसीबीच्या आयएस/आयईसी 60898 या मानकानुसार रेटिंगच्या (त्यावर लिहिलेल्या अँपिअरच्या) 1.13 पट करंटला तो तासभर पडू नये आणि 1.45 पट करंटला तासाच्या आत पडायलाच हवा. म्हणजे 16 चा एमसीबी 23.2 अँपिअरला तासाभरात पडतो. तिचा एमसीबी पडत होता तो आपले काम चोख करत होता म्हणून. 32 चा मात्र 36 अँपिअरपर्यंत हलणारही नाही. भिंतीतल्या पाइपमधून गेलेली तिची वायर साधारण वीस अँपिअरच्या आसपास करंट सोसणारी, आणि उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: 16 चे 24 झाले, म्हणजे करंट दीडपट, तर उष्णता सव्वादोन पट. साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा 70 अंश सेल्सिअस आहे. मावशीचा प्लग काढून पाहिला, तर एका पिनेभोवतीचे प्लास्टिक तपकिरी पडले होते आणि सॉकेटमागची वायर वाकवताच तिच्या आवरणाला तडे गेले. वायर कितीही सोसते म्हणणाऱ्याने ती हातात घेऊन पाहावी.

एमसीबी जुना होऊन कमजोर पडतो, हे मान्य करावे लागेल. सैल स्क्रूमुळे टर्मिनल तापूनही तो अकारण पडतो. पण त्यावर उपाय स्क्रू घट्ट करणे किंवा त्याच रेटिंगचा नवा एमसीबी बसवणे हा आहे.

व्होल्टेजचे विधान गीझरपुरते खरे आहे. इन्व्हर्टर एसी मात्र तेवढीच शक्ती मिळवण्यासाठी कमी व्होल्टेजला जास्त करंट ओढतो. आरसीसीबी फेज (करंट आणणारी तार) आणि न्यूट्रल (परत नेणारी तार) यांमधल्या करंटचा फरक पाहतो, आणि ओव्हरलोडमध्ये दोन्हींतून सारखाच करंट जात असल्यामुळे त्याला काही कळतच नाही.

मावशीकडे आता गीझरला एमसीबीच्या पेटीपासून अडीच स्क्वेअर एमएमची वेगळी वायर आणि स्वतंत्र 16 चा एमसीबी दिला आहे. स्वयंपाकघरातली जुनी वायर आणि सॉकेट बदलले. तिथे 3500 वॉट, म्हणजे सव्वापंधरा अँपिअर उरले, आणि एमसीबी 16 चाच ठेवला.