हिरवी तुतारी आणि माझी शिंक

आमच्या लग्नाला 28 वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत जी काही भांडणं झाली ती सगळी साध्या सरळ विषयांवर झाली, म्हणजे माहेर, गिझर, पंख्याचा स्पीड, माझे मित्र वगैरे. मागच्या सप्टेंबरात मात्र आम्ही पहिल्यांदा एका पक्ष्याच्या काखेवरून भांडलो. काख म्हणजे अक्षरशः काख, पंखाच्या खालची बाजू, ती काळी होती की फिकट होती यावर. दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं. तिसऱ्या दिवशी काय झालं ते शेवटी सांगतो.

मुळात आमच्या घराण्यात पक्षी बघायचे मुहूर्त दोनच, पितृपक्षात कावळा आणि दसऱ्याला नीलकंठ. कावळ्याला दुर्बीण लागत नाही, उलट तोच गच्चीच्या कठड्यावरून आपल्याला बघत असतो, वडे तळून झाले का म्हणून. आणि नीलकंठ तर लहानपणी दसऱ्याच्या सकाळी घरपोच यायचा, एक माणूस पिंजऱ्यात घेऊन दारोदार फिरायचा, दर्शन घ्या आणि दोन रुपये द्या. हा प्रकार 1972च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे हे मला बायको पक्षी शिकायला लागल्यावर कळलं, आणि तिने ते अशा नजरेने सांगितलं की जसे काही ते दोन रुपये मीच दिले होते. (दिले होते.)

तर हिने नोकरीतून रिटायरमेंट घेतली आणि एका मैत्रिणीच्या नादाने पक्षीवाल्या ग्रुपमध्ये शिरली. ग्रुपमध्ये एक सर, दोन डॉक्टर, बरेच कॅमेरेवाले आणि बाकी सगळे टोपीवाले. हिला गाडी चालवता येत नाही, म्हणून ग्रुपमध्ये मीसुद्धा. माझं पद ड्रायव्हर कम थर्मास. दर रविवारी पहाटे पाचला अलार्म, आणि इंदूरच्या राजेंद्र नगरहून थेट धार रोडवर सिरपूर तलाव.

सिरपूर म्हणजे होळकरांच्या काळातला तलाव, आता 2022 पासून रामसर साइट, म्हणजे जगाने महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा, 161 हेक्टर वगैरे. त्याच वर्षी आपल्या यशवंत सागर तलावालाही तो मान मिळाला. आणि 2025च्या जानेवारीत तर अख्ख्या इंदूरलाच वेटलँड सिटी म्हणून मान्यता मिळाली, उदयपूर आणि आपण, देशात पहिले दोघे. हे सगळं मला पाठ आहे कारण सर दर रविवारी सांगतात. पण एक गोष्ट सर सांगत नाहीत, ती मी सांगतो. सप्टेंबरात तलाव काठोकाठ भरलेला असतो, आणि या लांबून आलेल्या चिमुकल्या पाहुण्यांना हवा असतो उथळ चिखल. मग चिखल कुठे, तर कोपऱ्यात जिथे नाला येऊन मिळतो तिथे. म्हणजे बघा, 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर काढणारं आपलं शहर, सायबेरियातून पाहुणा येतो, सगळं शहर वरून बघतो, आणि उतरतो बरोब्बर त्या एकाच जागी जिथे आपण रुमाल नाकाला लावून उभे असतो.

आता कोणी म्हणेल की पक्षी बघायचेच तर थंडीत बघा ना. मीही तेच म्हणालो होतो. डिसेंबरात ऊन कोवळं असतं, स्वेटर असतो, बदकं अशी ऐसपैस तरंगत असतात, थापट्या तर चोचीवरून माझ्यासारख्यालाही ओळखू येतो. पण सरांचं म्हणणं, डिसेंबर हा हौशी लोकांचा महिना, खरी परीक्षा ऑगस्ट-सप्टेंबरात. उत्तरेकडचा उन्हाळा आखूड असतो, तिथे अंडी-पिल्लं उरकली की हे चिखलपक्षी लगेच निघतात, आपल्याकडे पाऊस चालू असतानाच पहिले येऊन टेकतात. आणि येतात ते कसे, तर लग्नकार्य आटोपून परतलेल्या वऱ्हाडासारखे, भरजरी कपडे पेटीत, अंगावर प्रवासातला मळका सदरा. सगळे एकजात मातकट. भुवई बदकाचंच घ्या, बदकांमध्ये ते सगळ्यात आधी येणाऱ्यांतलं. पुस्तकातल्या चित्रात नराची पांढरी भुवई काय ठसठशीत आहे, पण या दिवसांत तो पिसं बदलून हुबेहूब मादीसारखा दिसतो. सरांनी हे सांगितल्यावर कळपातल्या समस्त नवऱ्यांनी माना डोलावल्या.

धोबी पक्ष्याची तर वेगळीच तऱ्हा. करडा धोबी पोटाला पिवळा असतो. पिवळा धोबी, तोही पिवळाच. मग करड्याला करडा का म्हणायचं तर पाठीवरून, आणि पाठ दिसते कधी तर तो उडून गेल्यावर. भोरड्या बऱ्या, त्या थव्याने येतात, गोंगाट करतात, ओळखा म्हणून आग्रह नाही. आणि वारकरी तर मला फारच आवडतो, काळा अंगरखा, कपाळावर पांढरा टिळा, नाव ठेवणाऱ्याला साष्टांग नमस्कार.

पण तुतारी! तुतारी ही या सगळ्या छळाची मुख्य सूत्रधार. चिखलाच्या कडेने टुकुटुकु चालणारा, मुठीएवढा, शेपूट हलवणारा मातकट पक्षी, त्यात एक साधी तुतारी, एक हिरवी तुतारी आणि एक ठिपकेवाली तुतारी. हिरवी हिरवी नसते. ठिपके दोघींनाही असतात. आणि तुतारीसारखी कोणीच वाजत नाही. इंग्रजीतही आनंदच आहे, ग्रीन सँडपायपर आणि वुड सँडपायपर, आणि गंमत अशी की झाडावर, दुसऱ्या पक्ष्याने सोडलेल्या जुन्या घरट्यात अंडी घालतो तो ग्रीन, वुड बहुतेक वेळा आपला जमिनीवरच संसार मांडतो. म्हणजे ज्याच्या नावात लाकूड तो खाली आणि भाड्याच्या घरात राहणारा वर.

मग ओळखायचं कसं? तर सर हळू आवाजात म्हणतात, "भुवई बघा, भुवई." ठिपकेवालीची पांढरी भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, हिरवीची डोळ्याच्या पुढेच संपते. सगळे टोपीवाले "हां हां, भुवई" करतात. आता मला सांगा, ही दर महिन्याला पार्लरमधून भुवया करून येते आणि मला आजपर्यंत एकदाही ते आपणहून लक्षात आलेलं नाही, त्याबद्दल मी 28 वर्षं बोलणी खातोय, तो मी पन्नास फुटांवरच्या, डोकं चिखलात खुपसलेल्या पक्ष्याची भुवई कुठे संपते ते सांगणार?

त्यात तो दिवस म्हणजे अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीचा. इंदूरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, आदल्या रात्री गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे रोषणाईच्या चित्ररथांची मिरवणूक, आम्ही पहाटे तीनपर्यंत रस्त्यावर. मी म्हटलं आज राहू दे. तर ही म्हणाली, पक्षी हिमालय ओलांडून येतात आणि तुम्हाला धार रोड ओलांडवत नाही. शिवाय सरांनी सांगितलेला तो गॉडविट नावाचा लांब पल्ल्याचा चिखलपक्षी होताच तोंडी लावायला. 2022 साली पाच महिन्यांचं एक पिल्लू अलास्काहून टास्मानियापर्यंत साडेतेरा हजार किलोमीटर उडालं, 11 दिवस, मध्ये कुठेही न थांबता, रस्ता दाखवायला कोणी नाही. आमचा चिरंजीव 22 वर्षांचा आहे आणि राजवाड्याला जायचं तरी मॅप लावतो, हे मी म्हणालो नाही, कारण त्यात आईची बाजू घ्यायची की पक्ष्याची हे हिलाच कळलं नसतं आणि दोन्हीकडून मलाच बसलं असतं.

तर नाल्याच्या कोपऱ्यात आम्ही बेशरमाच्या झुडपाआड उभे. डास असे की ते स्थलांतरित नाहीत, कायमचे रहिवासी आहेत आणि आम्ही त्यांच्या हद्दीत घुसलोय हे त्यांना पक्कं माहीत होतं. पलीकडून एक म्हशीवाला जात होता, त्याने थांबून विचारलं, "भिया, कुछ गिर गया क्या?" सरांनी ओठावर बोट ठेवलं. तो बिचारा म्हशींनाच गप्प करत पुढे गेला.

तुतारी होती माझ्यापासून सगळ्यात जवळ, कारण मी थर्मास ठेवायला कोरडी जागा शोधत पुढे सरकलो होतो. सगळ्यांच्या दुर्बिणी तिच्यावर. सर कुजबुजले, "आता उडाली की पंखाच्या आतली बाजू बघायची, काळपट म्हणजे हिरवी, फिकट म्हणजे ठिपकेवाली, एवढं दिसलं की काम झालं." सगळे श्वास रोखून. आणि मला शिंक आली.

साधी नाही. आमच्या वडिलांची शिंक, तीन गल्ल्या पलीकडे ऐकू जायची ती. तुतारी उडाली, टिटव्यांनी अख्ख्या तलावाला बातमी दिली, दोन ढोकऱ्या उगाचच उडाल्या, आणि एका कॅमेरेवाल्याकडे आजही त्या क्षणाचा फोटो आहे ज्यात पक्षी नाही, मी आहे.

सर म्हणाले, काळपट, हिरवी तुतारी. ही म्हणाली, नाही सर, फिकट होती, मी नीट बघितलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले आणि मग हळूहळू सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या, कारण पक्षी माझ्या पायापासून दोन हातांवर उडाला होता. एकमेव साक्षीदार आणि आरोपीही मीच. उलटतपासणी सुरू झाली. पंखाखाली काय दिसलं? शेपटीच्या वर पांढरं होतं का? (हे दोघींनाही असतं, हे मला नंतर कळलं, तो सापळा होता.) ओरडली कशी? आता शिंकताना माणसाचे डोळे मिटतात, आणि कानात तर स्वतःचीच शिंक घुमत असते. तेवढं खरं सांगून टाकलं असतं तर सुटलो असतो. पण सगळे एवढ्या आशेने बघत होते, मी म्हणालो, "सरांचं बरोबर वाटतं."

संपलं. गाडीत शब्द नाही. एरवी परतताना पोह्याच्या ठेल्यावर थांबतो, वरून शेव, जिरावण मसाला, लिंबू, सोबत गरम जिलेबी, खरं म्हणजे या पक्षीनिरीक्षणात मला ओळखू येणारी ती एकच प्रजाती. त्या दिवशी ही म्हणाली, "सरळ घरी." घरी आल्यावर बांध फुटला. मला पक्षी समजत नाहीत हे मान्य, पण न बघता परक्या माणसाची बाजू घ्यायची? मी म्हटलं अगं काखच ती. ती म्हणाली प्रश्न काखेचा नाही. 28 वर्षांत मला एवढं कळलंय की प्रश्न काखेचा नाही असं म्हटल्यावर तो कशाचा आहे हे विचारायचं नसतं.

संध्याकाळी ग्रुपवर सरांनी त्या दिवशीची यादी टाकली. वारकरी 40, टिटवी 11, करडा धोबी 2, असं करत खाली आलं, सँडपायपर एसपी 1. मी घाबरलो. मध्य प्रदेशात एसपी म्हटलं की एकच माणूस डोळ्यासमोर येतो, मला वाटलं प्रकरण पोलीस अधीक्षकांपर्यंत गेलं. चिरंजीवाने सांगितलं की नाही बाबा, स्पीशीज नक्की सांगता येत नसेल तर तसं लिहितात, तुतारी आहे पण कोणती ते ठरत नाही. म्हणजे सर स्वतः मागे हटले होते. मी हे हिला जाऊन सांगितलं, की बघ, तुझं म्हणणं त्यांनी मानलं. ती म्हणाली, मानलं नाही, टाळलं, आणि टाळणारे मला घरातच आहेत.

मग तिसरा दिवस. मी जेवायला बसलो. पानात भाजी वाढलेली, साल काढलेली, फोडी शिजून एकजीव, हिरवट. आता ही गिलकी की दोडका, शिजल्यावर मला कधीच कळत नाही, आणि गप्प बसवेना म्हणून मी विचारलं, "भाजी कोणती आहे?"

ती पोळी लाटतच म्हणाली, "भाजी एसपी."

मी ताट जरा उजेडाकडे सरकवलं आणि खाली वाकून बघायला लागलो. तिने विचारलं, काय शोधताय? म्हटलं, भुवई.

लाटणं थांबलं. मग पोळी जरा जास्तच फुगली, आणि वर तूपही आलं. रविवारचा अलार्म पाचचाच लागलाय, मी फक्त खिशात सर्दीची गोळी ठेवलीये.